बिनगिअरची गौर

नळ खाकरला आणि घरातली शांतता मोडली.

आमच्याकडे पाणी असंच येतं. आधी नळाच्या घशात हवा अडकते, तो दोनदा खाकरतो, थोडं लालसर पाणी थुंकतो आणि मग बारीक धार धरतो. तोवर खाली हायवेच्या बाजूला राहणाऱ्यांच्या टाक्या भरून वाहायला लागलेल्या असतात. पाण्याला चढ कळतो. मुंबई सपाट आहे असं ज्याला वाटतं, त्यानं पहाटे दिंडोशीला आमच्या वसाहतीत येऊन नळाखाली बादली लावून बसावं.

हंडा, पिंप, बादल्या भरून होईपर्यंत सगळे झोपलेले असतात. सौरभ भिंतीकडे तोंड करून, जान्हवी त्याच्या पाठीला पाय लावून, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघरासमोरच्या पलंगावर. नळ खाकरला की आईंना जाग येते, पण त्या उठत नाहीत, नुसती कूस बदलतात. त्या कुशीपासून जान्हवीच्या पहिल्या हाकेपर्यंतचा वेळ माझा. तेवढ्यात मी सायकल काढते.

त्या दिवशीही काढली. पण रोजच्यासारखी लांब गेले नाही. उतरून चढाच्या पायथ्याशी थांबले, बाटलीतलं पाणी तोंडात गच्च भरलं, ओठ मिटले आणि पुन्हा वर चढायला लागले. पानाच्या टपरीच्या वळणावर पाणी नाकातून बाहेर आलं. खोकत खोकत पाय टेकला.

गौरी यायला आठवडा उरला होता, आणि गौरीच्या दिवशी असा पाय टेकला असता तर सायकल माझ्या घरातून जाणार होती.

सायकल मला माझ्या बाबांनी घेऊन दिली, जान्हवी बालवाडीत जायला लागली तेव्हा. काळी, पुढे वेताची टोपली, मागे पोराला बसवायची सीट. दुकानदार मानखुर्दचा. मी गिअरवाली दाखवा म्हटलं तर तो हसला. म्हणाला, गिअर कशाला ताई, मुंबई सपाट आहे. त्याची मुंबई असेल. खाडी, रूळ आणि मधे डांबर. मी मुलुंडची, आमच्या गल्लीचं एक टोक डोंगरात घुसलेलं. लग्न करून आले ती दिंडोशीच्या टेकाडावर. मला तरी कळायला हवं होतं. पण बाबा म्हणाले, बिनगिअरची बिघडत नाही, आणि मी मान डोलावली.

पहिल्या दिवशी शाळेतून घरापर्यंत ती ढकलत आणली. आमच्या चढाला तीन वळणं. पहिलं पानाच्या टपरीचं, मधलं पिंपळाचं, शेवटचं वसाहतीच्या गेटचं. शेवटच्या वळणाला रस्ता असा उभा राहतो की रिक्षावाले खालीच हात हलवतात, ऊपर नहीं जाएगा. दुपारी शाळा सुटली की आम्ही सगळ्या आया दप्तरं, पिशव्या आणि पोरं ओढत हा चढ चढतो. पिंपळाखाली नंदकुमार काका बाकावर बसलेले असतात. वसाहतीचे जुने सेक्रेटरी. आता पद नाही, पण बाक आहे. पहिल्या दिवशी मला बघून ते म्हणाले, सूनबाई, सायकल तुला आणते की तू सायकलला?

मग मी शिकले. सरळ चढायचं नाही, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जायचं. उभं राहून पेडल मारायचं ते फक्त वळणावर. चार महिने गेले असतील. एक दिवस मागे जान्हवी, पुढे टोपलीत भाजी, आणि मी पाय न टेकता गेटपर्यंत पोचले. छाती इतकी वाजत होती की शेजारच्यांना ऐकू जाईल असं वाटलं. सांगायला जवळ कुणी नव्हतं म्हणून जान्हवीला सांगितलं, आपण आज न थांबता आलो. ती म्हणाली, मग काय झालं?

काय झालं ते मला माहीत होतं. त्यानंतर शहराचा नकाशाच माझ्यासाठी उठून उभा राहिला. पहाटेच्या चोरलेल्या वेळात मी चढ शोधत जायला लागले. मुलुंडकडे जाणाऱ्या लिंक रोडचा लांबलचक, दमवणारा चढ. मरोळच्या आतल्या गल्ल्यांतला, अचानक येणारा. एका रविवारी बोरिवलीला कान्हेरीचा, माकडांच्या पहाऱ्यातला. एकदा वर्सोव्याला गेले, तिथे सगळं सपाट, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आणि वारा. छान वाटलं, पण परत येताना दिंडोशीचा चढ दिसला तेव्हा बरं वाटलं. आपल्या माणसासारखा. कटकट्या, पण आपला.

मग जान्हवी पाच वर्षांची झाली आणि दुसऱ्या मुलाची वाट बघणं सुरू झालं. वाट आई बघत होत्या. माझ्याशी त्या थेट बोलल्या नाहीत. आईंची धाकटी बहीण, शकुमावशी, चैत्रातल्या हळदीकुंकवाला आली आणि पन्ह्याचा पेला हातात धरून म्हणाली, एवढी सायकल मारल्यावर पोटात काय राहायचंय. झालं. त्या दिवसापासून घरात जे काही घडायचं राहिलं होतं, त्याला सायकल जबाबदार झाली. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. आई म्हणाल्या, डॉक्टरांका काय कळता. सौरभला विचारलं तर तो म्हणाला, तुम्ही दोघी बघा ना.

मला दुसरं मूल हवं की नको, ते मला अजून ठरवायचं होतं. ठरवायला एकांत लागतो. आमच्या दोन खोल्यांत एकांत फक्त सायकलवर मिळायचा.

श्रावणात आईंनी ठरवून टाकलं. सौरभचा चुलतभाऊ अनंत कणकवलीला असतो. टेम्पो चालवतो, महिन्यातून एकदोनदा मुंबईला येतो. गौरीच्या दिवशी तो येणार, जाताना सायकल टेम्पोत टाकणार आणि त्याच्या मुलाला, देवेशला देणार. देवेशची शाळा लांब, पोर चालत जातं. देवेश गुणी मुलगा आहे, त्याला सायकल हवीच. हेच वाईट होतं. ज्याच्यावर धड रागावता येईल असं त्यात कुणीच नव्हतं.

आठवडा गेला. मग गौरीचा विषय निघाला.

आमच्या घरची गौर तेरड्याची. टेकाडाच्या पायथ्याशी देवळामागे एक जुनी बावडी आहे, तिथे मुळांसकट तेरडा धुवायचा, हळदीच्या पानात गुंडाळायचा आणि घरी आणायचा. आणणारीनं बावडीचं पाणी तोंडात धरायचं. दारातल्या तुळशीत ते सोडेपर्यंत बोलायचं नाही, गौर खाली ठेवायची नाही, तिचं तोंड घराकडून फिरवायचं नाही. बरोबर एक मुलगी थाळी वाजवत येते, म्हणजे लोकांना कळतं की ही बाई आत्ता बोलणार नाही. आई तीस वर्षं ही गौर आणत होत्या, अनवाणी, चालत, त्या चढावरून.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला. मला ताप होता, म्हणून त्यांनी रिक्षा केली. वर यायला तयार झालेला तो एकच रिक्षावाला, आणि नवीन. आईंच्या तोंडात पाणी, मांडीवर गौर. फाटा आला. आई हातानं डावीकडे दाखवतायत आणि गाल फुगलेले. त्याला वाटलं बाईंना उलटी होतेय. त्यानं घाबरून रिक्षा उजवीकडे कडेला घेतली, त्यांना धरून खाली उतरवलं आणि पाठीवर थापटी मारली. पाणी गेलं पोटात. आईंनी त्याला जी शिवी दिली ती आमच्या घरात अजून सांगतात, जान्हवी झोपल्यावर. मग त्या परत बावडीवर गेल्या, पुन्हा तोंड भरलं आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चालत वर आल्या. तेव्हापासून त्यांना खालपर्यंतही चालवत नाही.

तर यंदा गौर मी आणायची हे ठरलेलंच होतं. आई तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, आणीन, पण सायकलवरून.

आईंनी सूप खाली ठेवलं. "गौर काय दूधवाल्याची बरणी आसा?"

"रोज तुमची नात मी तशीच आणते," मी म्हटलं. "नात चालते तर गौर का नाही? जान्हवी मागे बसून थाळी वाजवेल. तोंडात पाणी धरीन. पाय न टेकता तुळशीपर्यंत आणली तर सायकल घरात राहील. टेकला, तर अनंत भावोजींच्या टेम्पोत मी स्वतः चढवून देईन."

सौरभ मोबाइलमधून मान वर काढून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. मला वाटलं, देव कोपेल, लोक काय म्हणतील, असलं काही निघेल. त्यांनी सुपातला एक खडा शोधून काढला, खिडकीबाहेर टाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "तोंड मिटून चढ चढणा म्हणजे काय, ता तुका ठावक नाय. बघ चढून."

त्यांना वाटलं, त्या जिंकल्या. खरं तर मलाही तसंच वाटलं.

कारण ते खरंच होतं. चढावर तोंडानंच श्वास घेते मी, सगळेच घेतात. पाणी किती धरायचं याला नियम नाही, घोटभरही चाललं असतं. पण आईंचे गाल फुगलेले असत. मीही तोंडभरच धरणार होते, नाहीतर उद्या कुणी म्हणालं असतं, काय ते चमचाभर पाणी. पहिल्या पहाटे ते नाकातून आलं. दुसऱ्या पहाटे पिंपळापाशी गिळलं. तिसऱ्या पहाटे दूधवाला समोरून येऊन गुड मॉर्निंग भाभी म्हणाला आणि मी सवयीनं तोंड उघडलं. तो भिजला, मी पाय टेकला.

हळूहळू दोन गोष्टी कळल्या. तोंड मिटलं की चढाला वास येतो. टपरीच्या वळणावर चुना आणि अगरबत्ती, मग ओल्या भिंतींचं शेवाळ, पिंपळाखाली काकांचं तंबाखूचं पाणी, गेटजवळ कुणाच्या तरी खिडकीतली फोडणी. नाकानं चढ मोजता येतो. दुसरी गोष्ट अवघड होती. तोंडात पाणी असलं की डोक्यात वाक्यं फार येतात. शकुमावशीला द्यायचं उत्तर, सौरभला विचारायचे प्रश्न, दुकानदाराला ऐकवायचं काहीबाही. वाक्य जमायला लागलं की छाती फुगते, छाती फुगली की तोंड उघडावंसं वाटतं, आणि संपलं. वाक्यं आली तर येऊ द्यायची, पण धरायची नाहीत. धरायचं ते फक्त पाणी. हे जमायला अख्खा आठवडा गेला. शेवटच्या पहाटे मी गेटपर्यंत आले, पण एकटी. मागे जान्हवी नव्हती, पुढे गौर नव्हती. दोघींना घेऊन, तोंड मिटून पुरा चढ मी एकदाही चढले नव्हते.

गौरीच्या दुपारी मी साडी नेसायला घेतली तर आई त्यांची ट्रंक उघडून बसल्या होत्या. हिरवं नऊवारी लुगडं त्यांनी माझ्यासमोर टाकलं. म्हणाल्या, पाचवारी चेनीत अडाकतली, ह्या नेस. कासोटाही त्यांनीच घातला, इतका करकचून की मला श्वास रोखावा लागला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नाही बघितलं.

खाली बावडीवर पाचसहा घरच्या बायका जमल्या होत्या. पाऊस सकाळीच थांबला होता, रस्ता ओला आणि वर ऊन. मी तेरडा धुतला, हळदीच्या पानांत गुंडाळला, खण पांघरला आणि पुढच्या टोपलीत उभा केला, तोंड घराकडे. चपला काढून पिशवीत टाकल्या. जान्हवी मागच्या सीटवर, मांडीत थाळी, हातात लाटणं. तिनंही हट्टानं तोंडात पाणी घेतलं. मी ओंजळ भरली, तोंड भरलं आणि पेडलवर अनवाणी पाय ठेवला. प्लास्टिकचे दाते तळव्यात रुतले.

जान्हवीनं पहिल्याच मिनिटाला पाणी गिळलं आणि ते जाहीर केलं. मग ती थाळी बडवायला लागली. रस्त्यावरची कुत्री उठून बसली.

टपरीच्या वळणापर्यंत सगळं ठीक. चुना, अगरबत्ती. डाव्या कडेनं उजवीकडे, उजव्या कडेनं डावीकडे. टोपलीत तेरड्याची गुलाबी फुलं डुलत होती. चालत निघालेल्या बायका मागे राहिल्या. त्यातली कुणीतरी काही बोलली आणि बाकीच्या हसल्या. चांगलं की वाईट, कळलं नाही. मागे बघायचं नव्हतंच.

पिंपळापाशी काका बाकावरून उठून उभे राहिले. आज त्यांच्याबरोबर आणखी दोघे होते. "सूनबाई, गौरीला हेल्मेट घातलं नाही वाटतं?"

जान्हवीनं थाळी थांबवली. "आई बोलणार नाही. तिच्या तोंडात पाणी आहे."

"अरे वा," काका म्हणाले, "मग बाबाला सांग तुझ्या, रोज सकाळी भरून पाठवत जा म्हणावं. घरात शांतता राहील." तिघेही हसले.

वाक्य आलं. असं नेटकं, धारदार, दोन्ही बाजूंनी कापणारं वाक्य मला आयुष्यात पुन्हा सुचणार नाही. छाती फुगली. ओठांच्या कोपऱ्यातून एक थेंब निसटून हनुवटीवर आला. मी ते वाक्य जाऊ दिलं. घंटी वाजवली, लांबलचक, त्यांच्या अगदी पायांजवळून वळले, आणि तिघांनाही बाकावर चढावं लागलं. जान्हवीनं पुन्हा थाळी धरली, आता रागानं.

मग शेवाळाच्या भिंती. इथून पाय जड होतात. नाकातून हवा पुरत नाही, कानात नळासारखं खाकरतं. लुगड्याचा काठ मांडीला कापत होता. मागे जान्हवी डुलली की सायकल डुलत होती. मी फक्त पुढचं गुलाबी फूल बघत होते, आणि फोडणीच्या वासाची वाट. तो आला की गेट.

फोडणीच्या आधी डिझेलचा वास आला.

अनंत भावोजींचा टेम्पो शेवटच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध, तोंड खाली करून उभा होता. भावोजी आमच्या आधीच पोचले होते. दर्शन घेऊन, सायकल चढवून लगेच निघायचं म्हणून त्यांनी गाडी वळवून ठेवली होती. ती घसरू नये म्हणून पुढच्या चाकाला दगड लावला होता. दोन्ही बाजूंना उरली होती ती जेमतेम माणसापुरती जागा. नागमोडी जायला रस्ताच नव्हता. थांबावं तर पाय टेकणार. वळून खाली एक फेरी मारून वेळ काढावा, तर गौरीचं तोंड घराकडून फिरणार. बोलता येत नव्हतं. मी टेम्पोच्या खाली, उरलेल्या तेवढ्या तुकड्यात आडवी गेले, परत आडवी आले. प्रत्येक फेरीला थोडी वर सरकत होते आणि टेम्पो जवळ येत होता. सायकल इतकी हळू झाली की पुढचं चाक थरथरायला लागलं. जान्हवीची थाळी थांबली. तिनं माझी कंबर धरली. तिलाही कळलं होतं.

गेटमध्ये आई उभ्या होत्या, आरतीचं ताट घेऊन. त्यांनी टेम्पो बघितला, मला बघितलं. त्यांना नुसतं उभं राहायचं होतं. आणखी चार श्वास त्या उभ्या राहिल्या असत्या तर सायकल कणकवलीला गेली असती, देव कोपला नसता, कुणी त्यांना बोल लावला नसता.

"अनंता," त्या ओरडल्या, तो आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता, "गाडी मागे घी. गौर येता."

अनंत भावोजी टेम्पोच्या दारातून डोकावले. "काकी, पण सायकल न्यायची—"

"मागे घी म्हणतंय मी."

ताट एका हातात धरून आई त्या उतारावर चार पावलं खाली आल्या, त्या गुडघ्यांनी. भावोजी आत पडले, इंजिन गुरगुरलं, टेम्पो कण्हत कण्हत मागे, वर सरकायला लागला, तसा आईंनी पायानं चाकाचा दगड माझ्या वाटेतून बाजूला ढकलला. काळा धूर माझ्या नाकात शिरला. नाक सोडून मला दुसरं काही उघडायला नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातलं नाही सोडलं. भिंत आणि टेम्पो यांच्यामध्ये फट झाली, मी पेडलवर उभी राहिले, कोपर भिंतीवर खरवडलं, हँडल टेम्पोला घासलं, आणि फोडणीचा वास आला. कढीपत्ता, मोहरी. गेट.

तुळशीपाशी सायकल टेकवली. उतरले, वाकले आणि पाणी सोडलं. ते बराच वेळ पडत राहिलं. माझं मलाच नवल वाटलं, एवढं होतं आत. आसपासच्या घरांतल्या बायका दारात येऊन बघत होत्या.

आई मागून लंगडत आल्या. रिवाजाप्रमाणे गौर आणणारीचे पाय धुतात. त्या उंबऱ्याच्या आत पाटावर कशाबशा बसल्या, माझा पाय हातात घेतला, पाणी ओतलं. तळव्यावर पेडलच्या दातांचे लाल ठसे होते. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग विचारायचं असतं ते विचारलं. "गौर इली. कशाच्या पावलांनी इली?"

याला उत्तर ठरलेलं आहे. सोन्याच्या पावलांनी. तीस वर्षं तेच उत्तर या दारात दिलं गेलं होतं.

"सायकलच्या," मी म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आई हसल्या नाहीत. हा प्रश्न तीनदा विचारतात. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं. माझा शब्द तोच होता.

"बरां," आई म्हणाल्या. "गौरीक आत घी. आणि मग ती चाकां धू. चिखल घरात नको."

सायकल आजवर कधी घरात आली नव्हती. ती बाहेर मीटरच्या पेटीखाली साखळीनं बांधलेली असायची. त्या संध्याकाळी ती पुसून कोरडी होऊन, गणपतीच्या मखराशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. अनंत भावोजी घावन आणि भाजी खाऊन रिकामा टेम्पो घेऊन गेले. देवेशसाठी दुसरी सायकल बघू, असं सौरभ त्यांना म्हणाला. त्या दिवसभरातला त्याचा तो पहिला निर्णय.

दिवेलागणीला आईंनी गौरीची ओटी भरली आणि डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत राहिल्या. काय मागत होत्या ते मला ऐकू आलं नाही, पण माहीत होतं. मागू देत. मागणं त्यांचं आहे. सायकल माझी आहे, पहाट माझी आहे, आणि त्यांच्या मागण्याला हो म्हणायचं की नाही ते मी एखाद्या चढावर ठरवीन. शकुमावशी आली तर तिलाही हेच सांगणार आहे, तोंड पूर्ण रिकामं ठेवून.

मग आई पलंगावर बसल्या, लुगडं गुडघ्यांपर्यंत सरकवलं आणि तेल चोळायला लागल्या. मी खाली बसून कोपराला हळद लावत होते. जान्हवी माझ्या मांडीवर येऊन पडली. तिच्या बोटांना अजून लाटण्याचा वास होता.

"आई, पिंपळाखाली तुला नंदूकाकांना काय बोलायचं होतं?"

मी तिच्या कानात सांगितलं. सगळं नाही, अर्धंच. ती खिदळली, पोट धरून खिदळली, आणि म्हणाली, उद्या सांगू या का त्यांना? मी म्हटलं, सांगू या, शाळेतून येताना.

मग ती पलंगाकडे बघत राहिली. आई डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून गुडघा चोळत होत्या, जिथे दुखतं तिथे पोचल्या की ओठ आणखी आवळत होत्या.

"आणि आजीला?" जान्हवीनं विचारलं. "ती इतकी वर्षं तोंडात पाणी धरून यायची ना, तिला काय बोलायचं असायचं?"